सातव्या गाण्यातली उडी

वर्षातून एकदा, एका ठरलेल्या रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तीसेक पिकली पानं गोल करून बसतात आणि एक रॉक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मधे कुणी बोलायचं नाही. खोकला आलाच तर दोन गाण्यांमधल्या फटीत खोकून घ्यायचा, असा नियम आहे. अल्बमचं खरं नाव लांबलचक आणि परक्या भाषेतलं; मंडळींपैकी निम्म्यांना ते आजही धड उच्चारता येत नाही. कव्हरवर नदीच्या मधोमध एक लाकडी खुर्ची उभी आहे, म्हणून सगळे त्याला नुसतं 'खुर्ची' म्हणतात. "खुर्चीसाठी भांडणारे जगात ढीगभर, खुर्ची ऐकणारे मात्र आम्हीच," हा दातांच्या डॉक्टरांचा विनोद दरवर्षी होतो आणि दरवर्षी सगळे नव्यानं हसतात.

प्रेम म्हणजे किती, तर दातांचे डॉक्टर आपल्या दवाखान्यात दुसरं काही लावतच नाहीत. त्यांच्या पेशंटला दुसऱ्या गाण्याला आपोआप 'आ' करायची सवय झाली आहे. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांचं मशीन चौथ्या गाण्याच्या तालावर चालतं आणि पाचवं संथ असल्यामुळे त्या काजं-बटणं पाचव्यासाठी राखून ठेवतात. असं वेड. पोरंबाळं नाकं मुरडतात, सुना कपाळावर हात मारतात, यांच्यावर काही परिणाम नाही.

पण खरी गंमत सातव्या गाण्यात. गायक एक सूर धरतो आणि लांबवतो, लांबवतो, हा आता श्वास कधी घेणार असं आपल्याला वाटायला लागतं, आणि तो सूर खाली उतरायच्या आतच ड्रम धाडकन येऊन आदळतात. या जागेला मंडळींनी नाव दिलंय 'उडी'. उडी आली की सगळे दोन्ही पाय जमिनीवरून उचलतात, एक ठोका हवेत धरतात आणि ड्रमबरोबर खाली आपटतात. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या पायावर सूज, पण पाय उचलले जातात म्हणजे जातातच. खाली पेपर वाचणारे लोक दचकून छताकडे बघतात.

ही उडी मूळ अल्बममध्ये नाही. ती टेपकाकांनी दाढीच्या ब्लेडनं केलेली आहे. आणि ही गोष्ट साऱ्या दुनियेत दोनच माणसांना माहीत होती, एक टेपकाका आणि दुसरी त्यांची बायको, म्हणजे काकू.

टेपकाकांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. बाजाराच्या टोकाला, चपलांच्या दुकानाला चिकटून, आठ बाय दहाची खोली. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. लेबलं काकू लिहायच्या, त्यांचं अक्षर मोत्याचं. टेपकाकांचं वय तेव्हा सत्तावीस, पण जाड भिंगाचा चष्मा आणि बोलायची पद्धत अशी, की लोकांनी लग्नानंतर सहा महिन्यांत त्यांना काका करून टाकलं आणि बिचाऱ्या काकूंनाही वयाच्या चोविसाव्या वर्षी काकू व्हावं लागलं.

'खुर्ची' त्यांच्या हातात आली ती सात तासांसाठी. हॉटेलात पियानो वाजवणारा एक फिरस्ता कलाकार गाव सोडून निघाला होता. त्याच्याकडे ती रेकॉर्ड होती. "सकाळी दहाला देतो, संध्याकाळी पाचला परत पाहिजे, सातला माझी गाडी आहे," असं तो म्हणाला. टेपकाकांनी रेकॉर्ड पुसली, सुई तपासली, आणि मोठ्या स्पूलवर अख्खा अल्बम उतरवून घेतला. उतरवता उतरवता ऐकलाही. सातव्या गाण्यात गायकाचा तो लांब सूर हळूहळू विरला आणि मागं नुसता ऑर्गन उरला. तो वाजवणारा पूर्ण अल्बममध्ये तेवढा एकदाच एकटा येतो. शंभर सेकंद. टेपकाका काउंटरवर हात टेकून उभे होते, ते तसेच उभे राहिले. डोळे भरून आले. पाठीमागून काकूंनी विचारलं, "काय झालं हो?" तर त्यांनी नुसतं मशीनकडे बोट केलं.

पाच वाजता रेकॉर्ड परत गेली. टेपकाका दुकानात आले आणि तो ऑर्गन पुन्हा ऐकावा म्हणून त्यांनी स्पूल लावली. आता इथं सांगायला हवं की त्या मशीनचा टेप गुंडाळून घेणारा रबरी पट्टा महिनाभरापासून सैल झाला होता. नवा पट्टा खणात पडून होता. बसवायला दहा मिनिटं लागली असती. 'उद्या बसवू' असं टेपकाका महिनाभर म्हणत होते. आळशाला उद्याची काय कमतरता!

स्पूल सुरू झाली आणि त्याच वेळी दारात पाच-सहा पोरं जमली. गावात खुर्ची आल्याची बातमी फुटली होती. टेपकाकांना राहवेना. ते दारात गेले, चौकटीला टेकले आणि फुशारक्या मारायला लागले. गावात पहिला मी ऐकला, असा आवाज तुम्ही जन्मात ऐकला नसेल, वगैरे वगैरे. आत गाणं नीट ऐकू येत होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. पण गुंडाळणारी स्पूल थांबली होती आणि वाजून गेलेली टेप रोलरभोवती आवळत चालली होती. मग आतून एक किंचाळी आली आणि सगळं गप्प झालं. टेपकाका धावले तेव्हा एकोणीस मीटर टेप चुरगळून, ताणून, दोन ठिकाणी तुटून मशीनच्या तोंडात अडकली होती. गेला होता तो बरोबर ऑर्गन. जणू मशीनला चव कळत होती.

"मशीन तापलंय, परवा या," असं त्यांनी पोरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बसले. टेपवर पेन्सिलीनं खुणा करत, हातानं स्पूल पुढंमागं फिरवत, ड्रमचा पहिला ठोका कुठं पडतो ते शोधत. ब्लेडनं तिरका काप घेतला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. लावून बघितलं, तर जोड कळेना. उलट गाणं एकदम अंगावर आलं. टेपकाकांना अपराधी वाटायला हवं होतं. त्यांना वाटला अभिमान. पहिल्या गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून टाकायचं असं मात्र त्यांनी ठरवलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक होतं एकोणीस वर्षांचं, काटकुळं, शिक्षक व्हायला निघालेलं. पुढं त्याला सगळे मास्तरच म्हणायला लागले, तेव्हा आपणही तसंच म्हणू. मास्तरांनी दुकानातच हेडफोन लावून अल्बम ऐकला. सातव्या गाण्याला जोड आला, आणि हा पोरगा स्टुलावरून खरोखर उठला. "काका, काय उडी मारलीय हो यांनी!" डोळे लकाकत होते. दुकानातल्या बाकीच्यांनीही मग हेडफोन मागितला. टेपकाकांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांना वाटलं, उद्या सांगू.

त्या स्पूलवरून त्यांनी चारेकशे कॅसेट भरल्या. गावात त्या वेळी खुर्चीची रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. उडीसकट खुर्ची घराघरांत गेली आणि प्रत्येक कॅसेटवर काकूंचं मोत्यासारखं अक्षर.

अकरा वर्षांनी सीडी आली. मास्तर तोवर शाळेत भूगोल शिकवत होते. ते एका संध्याकाळी धापा टाकत दुकानात आले. हातात सीडी. "काका, घोटाळा! सातव्या गाण्यात यांनी काहीतरी घुसडलंय. उडीच्या आधी कुणीतरी बाजाची पेटी उघडून बसलंय!" दुकानात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी टेपकाकांकडे बघितलं. संगीतातला या गावात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. तो मान त्यांना फार गोड वाटत होता, हेही खरंच. त्यांची जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली तेव्हा तिनं वाट्टेल ते सांगितलं.

"माझ्याकडची रेकॉर्ड पहिल्या खेपेतली होती," ते म्हणाले. "पहिल्या खेपेत ते नव्हतं. नंतर घातलं असेल कंपनीनं."

बस, एवढंच. खोटं बोलायला काही लागत नाही; पोसायला आयुष्य लागतं. मंडळींनी हे वाक्य डोक्यावर घेतलं. आपल्या गावाकडे खुर्चीची पहिली, अस्सल, जगातून नाहीशी झालेली आवृत्ती आहे! तिचं नाव पडलं 'छोटी खुर्ची'. बाकी जग ऐकतं ती 'मोठी खुर्ची'. आणि त्या ऑर्गनला मंडळी 'भरताड' म्हणू लागली. वार्षिक कार्यक्रमात कुणीतरी भरताडाची नक्कल करून दाखवायचं, नाक दाबून, आणि हॉल हसून लोटपोट व्हायचा. टेपकाकाही हसायचे. गेल्या जन्मी त्या ऑर्गनवाल्याचं आपण काय खाल्लं होतं कोण जाणे, असं त्यांच्या मनात यायचं. आणि या जन्मी काय केलं ते तर ठाऊकच होतं.

गेली सतरा वर्षं मास्तर या छोट्या खुर्चीमागे लागले होते. त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली. देशोदेशीच्या संग्राहकांना गाठलं. कुणाकडेही पहिल्या खेपेची तशी रेकॉर्ड नव्हती, आणि जितकी ती सापडेना तितकी मास्तरांना ती जास्त दुर्मिळ वाटायला लागली. यंदाच त्यांनी मूळ स्पूल बघायला मागितली. टेपकाका म्हणाले, "बुरशी लागली हो, फेकून दिली." स्पूल तेव्हा आतल्या कपाटात, जुन्या स्वेटरखाली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू त्या दिवशी म्हणाल्या. "त्या भल्या माणसाला सगळी दुनिया फिरवताय. सांगून टाका ना एकदाचं."

"आता सांगून काय होणार?"

"तुम्हाला झोप लागेल."

"मला लागते."

"चव्वेचाळीस वर्षं शेजारी झोपतेय मी. मला विचारा."

यंदाच्या रविवारी अल्बम संपला, पाय उचलून झाले, आपटून झाले, आणि मास्तर उभे राहिले. त्यांच्या हातात एक कागद होता. संग्राहकांच्या एका नामांकित परदेशी त्रैमासिकानं त्यांचा 'छोटी खुर्ची' हा लेख स्वीकारला होता. फक्त एक अट होती. ज्या माणसानं ती रेकॉर्ड स्वतः हाताळली, त्याचं सहीचं निवेदन हवं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडूनच पुढं केलं. कागद टेपकाकांच्या मांडीवर आला. 'मी प्रतिज्ञापूर्वक सांगतो की सदर रेकॉर्डमध्ये ऑर्गनचा भाग नव्हता.' काकूंनी खुर्चीखालून त्यांचा पाय दाबला. तीस माणसं बघत होती. मास्तरांचा चेहरा असा होता की जणू त्यांच्याच लेकीचं लग्न ठरलंय.

टेपकाकांनी सही केली. सही करताना हात जरासुद्धा कापला नाही, याचीच त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी कुलूप काढताना काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं गप्प बसत होतात. आज लिहून दिलंत." आणि आत निघून गेल्या.

लेख छापून आला तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना पेढे वाटावेत तशा झेरॉक्स प्रती वाटल्या. तीन महिन्यांनी पुढचा अंक आला आणि त्यात उत्तर. खुर्ची जिथं रेकॉर्ड झाली त्या स्टुडिओतला एक ध्वनिमुद्रक, नव्वदीच्या घरातला, अजून हयात होता. मास्तरांनी लेखाबरोबर मासिकाला पाठवलेली कॅसेटची प्रत त्यानं ऐकली होती. दातांच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, की उत्तर वाईट आहे, फार वाईट आहे. त्या दिवसापासून टेपकाकांना घास गोड लागेना. दाराची बेल वाजली की ते उठून आतल्या खोलीत जायचे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं बोलायला बोलतात. टेपकाका रोज सकाळी चहा पिताना फरशीकडे बघून ते खरोखर मागत होते.

चौथ्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली. दारात मास्तर. त्यांची नात त्यांना हाताला धरून घेऊन आली होती, आणि "तासाभरानं येते, आजोबा," म्हणून निघून गेली. आठवड्यापूर्वी मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला बंदी. टेपकाकांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. काकू स्वयंपाकघरात होत्या, त्यांच्या हातातली भांडी एकदम गप्प झाली.

"वाचलंत का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"नातीनं वाचून दाखवलं. तो म्हणतो, झांजेचा नाद अर्ध्यात तुटलाय, आमच्या स्टुडिओत कुणी असं काम केलं असतं तर मी त्याला हाकलला असता. म्हणतो, कुठल्यातरी दुकानदारानं टेपला कात्री लावलीय, आणि एका भोळ्या शिक्षकानं त्या कात्रीवर सतरा वर्षं घालवलीत." मास्तर जरा हसले. "भोळा शिक्षक! आता ते संग्राहक लोक इंटरनेटवर त्या उत्तराखाली काय काय लिहितायत, विचारू नका. मला हसले त्याचं एवढं काही नाही, काका. पस्तीस वर्षं वर्गात पोरं हसलीच की मला. पण तुम्हाला कात्रीवाला म्हणाले. ते मला सहन होणार नाही."

टेपकाकांनी पाण्याचा पेला भरून टेबलावर ठेवला.

"मी उत्तर लिहिलंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून चार पानं काढली. "मी सांगत गेलो, नातीनं टाइप केलं. आता ती भाषांतर करून पाठवेल. पण आधी तपशील तपासायला हवा, म्हणून म्हटलं काकांकडेच जावं. वाचा. मोठ्यानं वाचा, मलाही ऐकू दे कसं झालंय ते."

टेपकाकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग वाचायला लागले.

"'संपादक महाशय, आपल्या अंकात ज्यांचा उल्लेख कुठलातरी दुकानदार असा झाला आहे, त्यांना मी चव्वेचाळीस वर्षं ओळखतो. माझी खुर्चीची कॅसेट तीनदा खराब झाली. एकदा उन्हानं, एकदा माझ्या लेकीनं टेप ओढून काढली म्हणून, आणि एकदा नुसती ऐकून ऐकून. तिन्ही वेळा त्यांनी मला नवी भरून दिली, आणि दर वेळी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकून तपासल्याशिवाय हातात ठेवली नाही.'"

"तीनदाच ना?" मास्तरांनी विचारलं. "का चारदा?"

"तीनदा," टेपकाका म्हणाले. तिन्ही वेळा ते तपासणं कशासाठी होतं ते त्यांना आठवलं. ते जोड ऐकत होते, तो उघडा पडला नाही ना, हे बघत होते.

"पुढं."

"'माझी पत्नी गेली त्या वर्षी मी कार्यक्रमाला गेलो नाही. दुपारी हे गृहस्थ टेपरेकॉर्डर उचलून माझ्या घरी आले. मी दार उघडलं, तर काही न बोलता आत आले आणि अल्बम लावला. आम्ही दोघांनीच ऐकला. उडी आली तेव्हा मी पाय उचलले नाहीत. यांनी उचलले, आणि माझ्याकडे बघत तसेच धरून राहिले. ठोका निघून गेला तरी खाली ठेवले नाहीत. तेव्हा मला हसू आलं आणि मीही उचलले. त्या दिवशी मी आठवड्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो. एका बनावट गोष्टीनं...'"

इथं टेपकाका थांबले. ते ओळ पुन्हा वाचायला गेले. "'एका बनावट गोष्टीनं हे होत नसतं, हे आपल्या ध्वनिमुद्रकांना...'"

त्यांनी कागद मांडीवर ठेवले.

"मास्तर, तो खरं लिहितोय."

"कोण?"

"तो स्टुडिओतला. फक्त कात्री नव्हती. ब्लेड होतं."

मास्तर हलले नाहीत. काळ्या चष्म्यामुळे ते कुठं बघतायत हेही कळेना.

"कसलं ब्लेड?" मास्तरांनी विचारलं. आवाज वर्गातला होता, उत्तर तपासणारा.

"दाढीचं."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा ऐकायला आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी. मशीननं टेप खाल्ली. पट्टा सैल होता. माझ्या आळसानं. रेकॉर्ड परत गेली होती. तेवढा तुकडा काढला आणि जोडलं."

"म्हणजे मी स्टुलावरून उठलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सीडी घेऊन आलो तेव्हा."

"हो."

"आमच्या घरी आलात तेव्हाही."

"त्या दिवशी सांगणार होतो," टेपकाका म्हणाले, आणि आपलं हे वाक्य किती भिकार आहे ते त्यांना बोलता बोलताच कळलं. "सही केली तेव्हाही माहीत होतं, मास्तर. मला लाज वाटते. दुसरं काय सांगू? तुम्ही सगळे मान देत होतात, तो सुटेना. मग दर वर्षी जास्तच लाज वाटायला लागली, आणि जितकी लाज वाटली तितकं सांगणं अवघड झालं."

"स्पूल खरंच फेकली?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. काकू बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात स्पूल होती, स्वेटरचे धागे चिकटलेली. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी जोडापर्यंत टेप उलगडून आणली होती. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर ठेवलं. "ही बघा, भाऊ," एवढंच म्हणाल्या. मास्तर बोटानं ती पट्टी चाचपत राहिले. तिरकी. बोटाच्या पेराएवढी.

"तो ऑर्गन तुम्ही ऐकला होता," मास्तर म्हणाले. "तुकडा जायच्या आधी."

"एकदाच. उतरवताना."

"कसा वाटला?"

टेपकाकांना आता खोटं बोलायचं नव्हतं. पण खरं बोलणं हे त्याहून वाईट निघेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"अल्बममधलं सगळ्यात चांगलं तेच आहे, मास्तर. मला रडू आलं होतं."

मास्तरांनी बोट पट्टीवरून काढून घेतलं. "मी त्याला भरताड म्हणतो," ते हळूच म्हणाले. "सतरा वर्षं लिहितोय, जगभर. सीडीवर तो भाग आला की मी पुढं ढकलतो. पोरांना नाक दाबून नक्कल करायला मीच शिकवलं. मी तो कधी ऐकलाच नाही हो, काका. ऐकायच्या आधीच मला ठाऊक होतं की तो वाईट आहे."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. टेपकाकांनी हात जोडले, आणि मास्तरांना ते दिसत नसणार हे ध्यानात येऊन पुन्हा खाली घेतले. "मी त्या मासिकाला लिहितो," ते म्हणाले. "सगळं माझ्या नावावर. दर वर्षीच्या मंडळींनाही मीच सांगतो. आजच सांगतो."

"सांगाल," मास्तर म्हणाले. "ते तुमचं तुम्ही बघा. आता पुढं वाचा."

"पुढं?"

"दीड पान राहिलंय."

"मास्तर, आता ते कशाला..."

"मी तीन दिवस बसून सांगितलंय ते. डोळे मिटून, एकेक शब्द शोधून. कुणी वाचणार नाही आता. तुम्ही तरी वाचा. शेवटपर्यंत."

टेपकाकांनी कागद उचलले. ओळ सापडायला वेळ लागला. मग ते वाचत गेले, एका आवाजात, शाळेत उभं करून धडा वाचायला लावलेल्या मुलासारखे. या गृहस्थांच्या कामातली बारीक नजर, त्यांचा सच्चेपणा, गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी लावलेला कान. एकही शब्द त्यांना गाळता आला नाही. मास्तरांना सगळं पाठ होतं, ते ओठ हलवत बरोबर येत होते. शेवटचा परिच्छेद चार ओळींचा होता.

"'इतकं सांगूनही ज्यांना शंका असेल, त्यांनी आमच्या गावी यावं. मी स्वतः त्यांना या माणसाच्या घरी घेऊन जाईन. त्यांनी त्यांच्यासमोर बसावं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघावं. तो चेहरा खोटं बोलणाऱ्याचा असता, तर चव्वेचाळीस वर्षांत मला दिसलं असतं.'"

खाली मास्तरांचं नाव होतं. तेही टेपकाकांनी वाचलं.

मास्तरांनी दोन्ही हातांनी काळा चष्मा काढला. डोळ्यांच्या डॉक्टरनं महिनाभर काढू नका म्हणून बजावलं होतं. डोळे लाल, सुजलेले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. ते उजेडाचं का कशाचं, कोण सांगणार. त्यांनी ते पुसले नाहीत.

"काका," ते म्हणाले, "वर बघा."

टेपकाकांची मान वर झाली नाही.